हाताला टाका, मनाला थारा

‘जगात काय चाललंय, आणि तुम्ही रुमालावर पानं-फुलं काढत बसलाय?’ एका तरुण सहकाऱ्याने मला हे विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. कित्येक महिने तो युद्धाच्या बातम्यांत बुडालेला होता. ढिगाऱ्याखालून काढलेली मुलं, वणवे, पूर, कुठे ना कुठे पेटलेला जमाव. रात्री दोनला उठून फोन बघायचा आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. अशा दिवसांत जेवणाच्या सुट्टीत कोणी निवांत सुईत दोरा ओवतं, हे त्याला जवळजवळ निर्दयपणाचं वाटत होतं. ‘बरं वाटतं रे जिवाला,’ असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली.

त्याचा प्रश्न रास्त होता आणि माझं उत्तर अपुरं. आजूबाजूला इतकं दुःख असताना आपल्यापुरती शांतता शोधणं म्हणजे डोळे मिटून घेणं का? घाबरलेल्या, थकलेल्या माणसांना आपण सर्रास सांगतो की फोन बाजूला ठेवा, एखादा छंद लावून घ्या. ‘छंद’ म्हटलं की विषय मिटतो, कारण छंद ज्याचा त्याने बघायचा असतो. मला तो विषय असा मिटवायचा नाही. हाताने शिवताना जी शांतता मिळते ती संकटाकडे पाठ फिरवून मिळत नाही, उलट संकट मांडीवर घेऊन बसण्याचं बळ तिच्यातून येतं, असं माझं ठाम मत आहे. आणि हे खरं असेल, तर शिवणकाम फावल्या वेळातली हौस म्हणून सोडून देता येणार नाही. शाळा, रुग्णालयं, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या, जिथे जिथे माणूस जीव मुठीत धरून वाट बघत बसलेला असतो, तिथे सुई-दोऱ्याला हक्काची जागा मिळायला हवी.

मी स्वतः सुई हातात धरली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी. आई अतिदक्षता विभागात होती. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. बाकीचा सगळा वेळ बाहेरच्या बाकावर. फोनवर काहीही वाचलं तरी डोक्यात शिरायचं नाही. दार जरा करकरलं की बाकांवरच्या सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. माझ्या शेजारी एक काकू बसायच्या, त्यांचे यजमान आत होते. त्या उशीच्या अभ्र्याच्या कडेला टाके घालत असायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या शर्टाचं बटण तुटून हातात आलं. मी विचारलं, ‘काकू, एवढं बटण लावून द्याल का?’ त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि सुईच माझ्यापुढे धरली. ‘लावून नाही देणार. शिकवते. वेळ जाईल तुझा.’

मी दोऱ्याचं टोक ओलं करायला तोंडाकडे नेलं, तर म्हणाल्या, ‘तसं नको. टोक तिरकं काप, चिमटीत अगदी एवढंसं दिसेल असं धर, आणि दोरा सुईकडे नेऊ नकोस, सुई दोऱ्याकडे आण.’ दोरा लागला. मी दोन हात लांब ओढून घेतला, तो त्यांनी निम्म्यावर तोडला. ‘कोपरापर्यंतच घ्यावा. हावरेपणा केला की गुंता होतो.’ मग त्यांनी कुठून तरी एक आगकाडी काढून बटणावर आडवी ठेवली आणि तिच्यावरून टाके घ्यायला सांगितले. काडी काढली की बटण जरा सैल राहतं. त्या सैल दोऱ्याला खालून तीन-चार वेढे द्यायचे. बटणाला अशी मान मिळाली की काजाच्या पट्टीला तिथे बसायला जागा होते, नाहीतर कापड ओढलं जातं आणि बटण पुन्हा तुटतं. चाळीस वर्षं मी बटणं लावत-काढत होतो आणि बटणाला मान असते हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्याशा कामाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. मधे दोनदा दार उघडलं. माझी मान वळली नव्हती, हे मला नंतर लक्षात आलं.

आईची काळजी काही कमी झाली नव्हती. पण त्या वीस मिनिटांत ती माझ्या छातीवर चढून बसलेली नव्हती, बाकावर शेजारी बसली होती. तिच्याकडे बघता येत होतं. त्या दुपारी मी डॉक्टरांना पहिल्यांदा नीट प्रश्न विचारू शकलो. सहकाऱ्याच्या प्रश्नाचं माझ्याकडचं पहिलं उत्तर हे आहे. काळजीने गळाठून गेलेला माणूस कोणाच्याच कामाचा राहत नाही. रात्रभर फोनवर दुसऱ्यांचं दुःख बघत राहिल्याने ते दुःख तसूभरही हलत नाही. आपलं लक्ष तेवढं झिजतं, आणि मग खरोखर हात द्यायची वेळ येते तेव्हा हातात त्राण नसतं.

शिवताना नेमकं काय होतं याचा मी पुढे बराच विचार केला. साधी गोष्ट म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असतात. फोन धरायला तिसरा हात नसतो. डोळ्यांना बघायला समोर बोटभर जागा असते. धावदोऱ्याची स्वतःची एक चाल असते. सुई खाली, सुई वर, दोरा ओढायचा, थांबायचं. ताणलेल्या कापडातून दोरा जाताना जो बारीक सर्र आवाज येतो, तो आला की टाका नीट बसला हे न बघता कळतं. घाई केली की गाठ बसते. रागाने ओढलं की कापडाला चुण्या पडतात. मनाची अवस्था हाताला लगेच दिसते, आणि हात सावकाश केला की मनही थोड्या वेळाने त्याच्यामागून येतं. मनाला थेट ‘शांत हो’ म्हणून काही होत नाही, हे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. हाताला मात्र ‘सावकाश’ असं सांगता येतं, आणि तो ऐकतो.

पण मला याहून मोठी वाटते ती उसवण्याची सोय. वाईट काळ म्हणजे परत न फिरवता येणाऱ्या गोष्टींचा काळ. घर पडलं, माणूस गेलं, शब्द तोंडातून निघाला. कापडावर टाका चुकला तर सुईच्या टोकाने तो उचलायचा, दोरा मागे ओढून घ्यायचा, पुन्हा घालायचा. सुईची भोकं थोडा वेळ दिसतात, नखाने आडवं-उभं घासलं की धागे पुन्हा जागेवर सरकतात. आपल्या हातून झालेली चूक आपल्याच हाताने निस्तरता येते, हा अनुभव बोटांना दिवसातून दहा वेळा मिळतो. दिवसभर असहाय वाटणाऱ्या माणसाला तो कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पुरतो. आणि रात्री दिवा मालवताना चार इंच काम सकाळपेक्षा जास्त झालेलं असतं. काळजी करून चार इंचसुद्धा काही पुढे सरकत नाही.

हे केवळ माझ्या मनाचे खेळ नाहीत. २०१३ मध्ये व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) या विषयाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात विणकाम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी तिच्यात उत्तरं दिली होती. जे जितक्या वारंवार विणत, तितकं त्यांना शांत आणि आनंदी वाटत असल्याचं त्यांनी सांगितलं. उत्तरं देणारे बहुतेक आधीच विणकामाच्या प्रेमात पडलेले असणार, त्यामुळे या आकड्यांवर मी फार मोठा इमला बांधणार नाही. पण यातलं ‘व्यवसायोपचार’ हे क्षेत्रच मुळी हाताच्या कामावर विश्वास ठेवून उभं राहिलं. अमेरिकेत १९१७ साली त्याची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ऐन पहिल्या महायुद्धात, शरीराने आणि मनाने मोडलेले सैनिक घरी परतत असताना, विणणं, शिवणं, टोपल्या वळणं ही उपचाराची साधनं म्हणून वापरात आली होती. आपण आज ज्याला विरंगुळा म्हणून बाजूला सारतो, ते शंभर वर्षांपूर्वी वैद्यकाच्या दारात उभं होतं.

अशाच सैनिकांची एक खूण लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहे. मुख्य वेदीपुढे लावायचं एक भरजरी भरतकाम, शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी रुग्णालयांमध्ये पडल्या पडल्या तुकड्या-तुकड्यांनी भरलेलं. युद्ध संपल्यावर १९१९ च्या कृतज्ञता-प्रार्थनेत ते वापरलं गेलं. यातल्या कित्येकांनी आयुष्यात पूर्वी सुई धरली नसेल. अर्नेस्ट थेसिजर या नटाच्या स्वतःच्या हातांना युद्धात जखमा झाल्या होत्या. अपंग सैनिकांना भरतकाम शिकवावं यासाठी तो हट्टाला पेटला आणि १९१८ मध्ये त्यांच्यासाठी भरतकामाचा एक उद्योग उभा राहिला. ‘हे बायकांचं काम’ अशी नाकं मुरडणारे तेव्हाही होतेच. पण पाय गमावलेल्या, थरथर न थांबणाऱ्या माणसासमोर नाक मुरडून काय साधणार? त्याला दिवस काढायचा होता.

आता ‘पळवाट’ या आरोपाकडे येतो, कारण सहकाऱ्याचं बोट तिथेच होतं. सुईने माणसं गप्प बसली की बोलती झाली, हे बघायचं तर जिथे बोलायला बंदी होती तिथे जावं लागेल.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि शेकडो नागरिक स्त्रिया आणि मुलं चांगीच्या तुरुंगात डांबली गेली. त्यांचे नवरे, भाऊ, मुलगे त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या भागात किंवा जवळच्या लष्करी छावणीत होते, पण निरोपाला बंदी. कोण जिवंत आहे, कोण नाही, काही पत्ता नाही. एथेल मल्वेनी या कॅनडाच्या बाईंनी, त्याही तिथे कैदेत होत्या, एक कल्पना काढली. प्रत्येकीने जेमतेम वीतभर चौकोनावर स्वतःबद्दल काहीतरी भरायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं. मग चौकोन जोडून गोधड्या करायच्या आणि जखमी सैनिकांसाठी म्हणून रुग्णालयात पाठवायच्या. परवानगी मिळावी म्हणून एक गोधडी जपानी जखमी सैनिकांच्या नावे, एक ब्रिटिशांच्या, एक ऑस्ट्रेलियनांच्या. प्रत्येकीत ६६ चौकोन. कोणी घर भरलं, कोणी फूल, कोणी तुरुंगाची कोठडी, कोणी बाळाची आठवण. पहारेकऱ्यांना त्यात बायकांचा उद्योग दिसला. पलीकडे ज्यांच्या हाती त्या पडल्या त्यांनी नावं वाचली, आणि आपली बायको जिवंत आहे हे काहींना एका चौकोनावरून कळलं. त्यातल्या दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहेत आणि एक ब्रिटिश रेड क्रॉसकडे.

मला यात थक्क करतं ते हे की दोन्ही गोष्टी एकाच टाक्यात होत्या. उपासमारीत, उकाड्यात दिवस सरकत नसताना हाताला काम मिळालं, ही शांतता. आणि ‘मी इथे आहे’ हा निरोप भिंतीपलीकडे गेला, हे बोलणं. शांत होणं आणि गप्प बसणं यांतला फरक त्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अलेक्सिस कॅस्डागली हा ब्रिटिश मेजर १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. एका सोबत्याने दिलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर, उसवलेल्या स्वेटरच्या धाग्यांनी त्याने भरतकाम सुरू केलं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या नमुन्यावर मधोमध साधा सभ्य मजकूर आहे आणि भोवती ठिपक्या-रेघांची नक्षी. ती नक्षी म्हणजे मोर्स लिपी होती. एका ओळीत ‘देव राजाचं रक्षण करो’ आणि दुसरीत हिटलरला सणसणीत शिवी. जर्मनांनी तो नमुना कौतुकाने छावण्यांमध्ये मांडून दाखवला. चार वर्षांच्या कैदेत हा माणूस शिवत राहिला.

आणि चिली. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतरच्या हुकूमशाहीत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. ‘नाहीशी’ म्हणजे प्रेत नाही, कबर नाही, आत असल्याची कबुली नाही. आया आणि बायका तुरुंगांच्या, शवागारांच्या दारांत रांगा लावत. १९७४ पासून चर्चच्या आसऱ्याने त्यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या, पुढे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या चर्चच्याच मानवी हक्क संघटनेने त्या सांभाळल्या. गोणपाटावर चिंध्या जोडून त्या चित्रं शिवत. त्या गोणपाटाचं स्पॅनिश नाव ‘आर्पिय्येरा’, तेच चित्रांचंही नाव झालं. पर्वत, सूर्य, रांगेतल्या बायका, रिकामी खुर्ची, ‘ते कुठे आहेत?’ असा फलक. काहींनी हरवलेल्या माणसाच्या शर्टाचा, पँटचा तुकडा त्यात वापरला. ही चित्रं गुपचूप देशाबाहेर गेली, तिथे विकली गेली, त्या पैशावर घरं चालली आणि जे वर्तमानपत्रात छापता येत नव्हतं ते जगाने कापडावर पाहिलं. सरकारने त्यांना देशद्रोही ठरवलं. चिंध्यांच्या बाहुल्या शिवणाऱ्या बायकांची एका लष्करी राजवटीला धास्ती वाटावी, यापेक्षा ‘पळवाट’ या शब्दाला आणखी काय उत्तर द्यायचं?

त्या बायकांसाठी कार्यशाळेच्या खोलीत एकत्र बसणं हा आधारही होता. रडू आलं की रडायचं, नाहीतर शिवायचं. हातातल्या शर्टाच्या तुकड्याशी बसायला जे धैर्य लागतं ते एकटीने घरी गोळा झालं नसतं. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या हिरवळीवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी पसरली गेली, १,९२० पट्ट्यांची. प्रत्येक पट्टी तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढी. ज्यांच्या मरणाचं नाव घ्यायला लोक लाजत होते, त्यांची नावं मित्रांनी, आयांनी कापडावर शिवली. आज त्या गोधडीत सुमारे ५०,००० पट्ट्या आहेत.

या सगळ्यापुढे माझं रुमालावरचं पान फार लहान आहे, हे मला माहीत आहे. मी कोणाला निरोप पाठवत नाही, कोणत्या राजवटीला आव्हान देत नाही. पण हाताची सवय एकच आहे. थांबणं, जवळून बघणं, फाटलेलं टाकून न देणं. आणि ही सवय मोठ्या प्रसंगी आयत्या वेळी येत नाही. चांगीतल्या बायकांना टाके घालता येत होते म्हणून तर ती गोधडी झाली.

रफूचं उदाहरण देतो, कारण रफूने मला फार शिकवलं. स्वेटरला कोपरावर भोक पडलं की नवशिका भोकाच्या कडा एकमेकींकडे ओढून शिवून टाकतो. तिथे गाठोडं होतं, आणि पुढच्या धुण्यात शेजारी नवीन भोक पडतं. नीट रफू करायचं तर सुरुवात भोकापासून बोटभर लांब, धड कापडात करायची. तिथून उभे धागे घालत भोकावरून जायचं, पलीकडच्या धड कापडात पुन्हा बोटभर आत शिरायचं. भोक ओलांडताना धागा ताणायचा नाही. उभे झाले की आडवे, एक वरून, एक खालून. म्हणजे भोकाच्या जागी आपण नवं कापड विणतो, आणि त्याला धरून ठेवतं ते भोवतीचं न फाटलेलं कापड. मी हे पहिल्यांदा नीट केलं त्या रात्री मला घरातल्या एका जुन्या भांडणाचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आम्ही नुसत्या कडा ओढत होतो.

आता या बाजूचं बोललो तर दुसरी बाजूही बोलायला हवी, आणि ती हलकी नाही. सुईने शांतता दिली तशी गुलामीही दिली. शतकानुशतकं मुलींना सुई हातात देऊन घरात बसवलं, मान खाली घालायला शिकवलं. भावाच्या हाती पुस्तक आणि हिच्या हाती भरतकामाची रिंग. ‘मुलीच्या जातीला यायला हवं’ या एका वाक्यात किती जणींचं शिक्षण संपलं असेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात साधारण १८३० चं एक तागाचं कापड आहे. त्यावर लाल रेशमाने, फुली टाक्यात, ओळीवर ओळ नुसता मजकूर. फूल नाही, वेलबुट्टी नाही. एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीने तो भरला. सुरुवात अशी आहे की मला लिहिता येत नाही म्हणून मी हे असं मांडते. मालकाने केलेला छळ, जीव द्यावासा वाटल्याची कबुली, देवाची करुणा, सगळं त्यात आहे. शेवटी, माझ्या आत्म्याचं काय होणार, या प्रश्नाशी वाक्य अर्धं थांबतं आणि खालचं कापड कोरं राहतं. ज्या मुलीला अक्षरन् अक्षर टाक्याने काढता येत होतं तिला ‘मला लिहिता येत नाही’ असं म्हणावं लागलं. तिच्या हाती लेखणी का नव्हती, हा प्रश्न तिच्या कापडाचं कौतुक करताना मी विसरू शकत नाही. ती पुढे जगली, म्हातारी झाली, मुलांना शिकवत असे, हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं.

आणि मजुरीची सुई. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत कपडे शिवणारी अकराशेहून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसलेले असूनही त्यांना कामावर बोलावलं होतं. शिवण्याने मन शांत होतं हे वाक्य मी त्या इमारतीतल्या बाईला ऐकवू शकत नाही. तेच टाके, तेच कापड, पण वेग दुसऱ्याच्या हातात, वेळ दुसऱ्याच्या हातात, कापड कोणाचं ते माहीत नाही. तिथे शांतता कुठून येणार? म्हणून माझं म्हणणं सुईपुरतं नाही. आपल्या वेगाने, आपल्या मर्जीने, आपल्याला ठाऊक असलेल्या माणसासाठी शिवायला मिळणं, यात ती शांतता आहे. हा वेळ आज फार थोड्यांच्या वाट्याला येतो. ज्याला तो मिळतो त्याने ‘शिवा, बरं वाटेल’ असा सल्ला वाटत फिरण्याआधी तो वेळ इतरांना का मिळत नाही हे विचारायला हवं. आणि स्वस्तात विकत घेऊन दोनदा घालून फेकलेला प्रत्येक शर्ट कोणाच्या तरी वेळातून ओरबाडलेला असतो. हाताने एक शर्ट शिवून बघा, किंवा नुसती बाही जोडून बघा. त्यानंतर दुकानातली किंमत वाचताना पोटात खड्डा पडतो. माझ्या मते शिवण शिकण्याचा हा सगळ्यात मोठा सार्वजनिक फायदा आहे.

म्हणून मला शाळेपासून सुरुवात हवी आहे, आणि मुलग्यांसकट. फिनलंडमध्ये १८६६ साली उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहाने हस्तकला सर्वसामान्य मुलांच्या शाळांत सक्तीचा विषय झाला. तिथेही बराच काळ मुलींना कापड आणि मुलग्यांना लाकूड अशी वाटणी होती. आज मुलगे आणि मुली दोन्ही शिकतात. त्यामागे कारागीर घडवण्याचा हेतू नाही. एखादी वस्तू सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हाताने पुरी करण्याचा अनुभव प्रत्येक मुलाला मिळावा, एवढं साधं कारण आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात आपण फोन देतो. तो चिडला, घाबरला, रडकुंडीला आला तर हाताने काय करावं हे मात्र त्याला शिकवत नाही. मग तो हात उगारतो किंवा पुन्हा फोन उचलतो. मुलग्यांना सुई न देऊन आपण मुलींवर अन्याय केला हे पुष्कळ जण मान्य करतील. तो अन्याय मुलग्यांवरही झाला, हे मी माझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

ब्रिटनमधल्या तुरुंगांत १९९७ पासून ‘फाइन सेल वर्क’ ही संस्था कैद्यांना भरतकाम शिकवते आणि त्याचा मोबदला देते. शिकणाऱ्यांत बहुतेक पुरुष. दाराला बाहेरून कुलूप असलेले लांबच लांब तास त्यांच्यापुढे असतात. या कामाला कोणी दयेचं म्हणेल. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण तो माणूस एक दिवस बाहेर येणार आहे आणि तेव्हा त्याच्या हातांना कसली सवय असावी हा आपलाही प्रश्न आहे.

रुग्णालयांकडे तर माझं अगदी छोटं मागणं आहे. प्रतीक्षागृहात एक टेबल, चार-सहा खुर्च्या, बोथट टोकाच्या सुया, दोऱ्याची रिळं, जुन्या चादरींचे तुकडे. शिकवायला कोणीतरी जाणतं माणूस, आठवड्यातून काही तास, रीतसर मानधन देऊन. भिंतीवर दिवसभर ओरडणाऱ्या टीव्हीपेक्षा याला खर्च कमी येईल. यासाठी महागडे संच, चकचकीत पुस्तिका, ‘मनःशांतीचे पॅकेज’ असलं काही नको. त्या बाजाराची मला धास्तीच वाटते. तिथे शिवण संपण्याआधी तिचा फोटो काढायचा असतो, आणि टाका वाकडा गेला की पुन्हा मन खट्टू. वाकड्या टाक्याने कापड जोडलं जातंच.

त्या सहकाऱ्याला मी अलीकडे रफू शिकवायला घेतलं. त्याच्या एका जीन्सचा गुडघा फाटला होता. पहिल्या दिवशी तो सारखा दोरा ओढून चुण्या पाडत होता. मी त्याला बातम्या बघू नकोस असं कधी म्हटलं नाही. तो बघतोच. एका मदत गटाबरोबर शनिवारी काम करायला लागला आहे, तेही शिवणामुळे असं मी म्हणणार नाही.

रुग्णालयातल्या त्या काकूंचं सांगायचं राहिलं. आमची ओळख सहा दिवसांची. सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि त्यांना एकट्यांना आत बोलावलं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, बाकावर बसल्या, अर्धवट अभ्रा उचलून त्याची चौघडी केली आणि पिशवीत ठेवला. त्यांचा मुलगा कागदपत्रांसाठी खाली धावत होता. मला काय बोलावं सुचेना. त्यांची सुई माझ्याकडेच होती, दोरा ओवलेली, माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात टोचून ठेवलेली. मी ती काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझा हात तसाच मागे सारला.

‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘तुझी आई अजून आत आहे.’